बालनाट्य शिबिरातील ‘काका’ आणि ‘मावशी’
(मंडळाच्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत मुलांच्या रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली. त्या परंपरेचा एक लहानसा झरा आपल्या शिबिरांतून वाहतो. नोएडा, गुरुग्राम, जनकपुरी येथून येणाऱ्या आपल्या मुलांना घराबाहेर मोठ्याने मराठी बोलण्याची संधी बहुधा येथेच मिळते. म्हणूनच येथे कोण शिकवितो, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

परमुलखात मराठी बोलणारा भेटला की आपण त्याला तत्काळ ‘काका’ करून टाकतो. ही आपली रीत गोड आहे. परंतु तीच चौकशीची जागा घेते. केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासातले आढळले होते. मुलाला भय अनोळखी माणसाचेच, ही समजूत मोडीत काढावयास हवी.

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर आपणांस स्मरत असेल. बालवाडीतील दोन मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप शाळेतील कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर आला. तक्रार पोलिसांना कळविली नाही म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. आपल्या कार्यकारिणीने येथे थांबून विचार करावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्ह्याची शंका आली तरी पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ‘मंडळाची अब्रू’ हे कारण तेथे चालत नाही. सद्भावनेने कळविणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

२०२० च्या नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करावयास सांगितले. तेथे शब्द ‘कर्मचारी’ असा आहे. विनामोबदला येणारा स्वयंसेवक त्यात स्पष्टपणे दिसत नाही. आपले सारे काम तर त्याच्याच खांद्यावर! तेव्हा ही उणीव आपणच भरून काढावयाची. पोलिसांचा दाखला जरूर मागावा, पण तो केवळ नोंदलेल्या गुन्ह्यांविषयी बोलतो. ज्याची कधी तक्रारच झाली नाही, त्याचा दाखला कोराच असणार. पूर्वीच्या गावातील मंडळाला दूरध्वनी करून दोन सरळ प्रश्न विचारणे मला अधिक उपयोगी वाटते.

त्याहून मोल नित्याच्या शिस्तीचे. तालमीच्या खोलीत सदैव दोन प्रौढ असावेत. एकट्या मुलास कोणी आपल्या गाडीतून घरी सोडू नये. मोबाईलवरील निरोप पालकांसह असलेल्या गटातच जावेत. मुलास रात्री स्वतंत्र संदेश पाठविणाऱ्या दिग्दर्शकाला, तो कितीही गुणी असो, थांबवावे. ज्येष्ठांना हे अपमानास्पद वाटेल, हे मी जाणतो. नियम अध्यक्षांपासूनच लागू केला, तर ती तक्रार उरत नाही.

मुलांना १०९८ हा मदतक्रमांक पाठ करून द्यावा. संवाद पाठ करण्यात तर ती आपल्यापेक्षा तरबेज आहेत. स्वयंसेवकांचे अर्ज कार्यवाहांकडे ठेवले आहेत; त्यांतील पहिला मीच भरला आहे.