वाटा, रीत आणि विश्वास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्षभरात मंडळाने काय काय केले ते चिटणीसबाईंनी आताच सांगितले. मी थोड्या निराळ्या विषयावर चार शब्द बोलणार आहे. चार बायका एकत्र येऊन काम करू लागल्या म्हणजे ते काम कशाने टिकते आणि कशाने मोडते, हा माझा विषय. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पण माझी भाची एका कॉलेजात शिकवते. कारखाने, कचेऱ्या, संस्था यांत माणसे कशी वागतात याचेही एक शास्त्र आहे, हे मला तिच्याकडून कळले. तिला प्रश्न विचारून विचारून मी भंडावून सोडले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

हा विषय आजच का घेतला? गेल्या दिवाळीला आपल्या फराळ विभागात किलोमागची मजुरी कमी झाली. तेल महागले होते, ऑर्डरीही घटल्या होत्या. मजुरी कमी करणे भागच होते, याबद्दल माझे दुमत नाही. पण ती कमी झाल्याचे पुष्कळजणींना पाकीट हातात पडल्यावर कळले. पुढे चौघीजणी कामाला यायच्या बंद झाल्या. 'पैशासाठी रुसल्या' असे आपण म्हणून मोकळ्या झालो. त्या खरोखर पैशासाठीच रुसल्या का, हे आपण पाहू.

अमेरिकेत जेराल्ड ग्रीनबर्ग या अभ्यासकाने 1990 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. एका कंपनीचे तीन कारखाने होते. कामे हातची गेल्यामुळे त्यांपैकी दोन कारखान्यांत दहा आठवड्यांपुरता सर्वांचा पगार शेकडा 15 ने कमी करण्यात आला. तिसऱ्यात कपात नव्हती. कपात झालेल्या एका कारखान्यात वरिष्ठांनी सर्वांना बोलावले, दीड तास बसून कारणे सांगितली, आकडे दाखवले, झाल्या गोष्टीबद्दल मनापासून वाईट वाटते असे सांगितले आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत सभा उरकली. कपात दोन्हीकडे सारखीच, पैचाही फरक नाही. तरी परिणाम निराळा झाला. कारखान्यातील वस्तूंच्या चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण जेथे नीट सांगितले नव्हते तेथे त्या फारच वाढल्या. नोकरी सोडून जाणारेही तेथेच जास्त निघाले. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्याही पुन्हा पूर्वीइतक्या खाली आल्या.

चोरी ही वाईटच, तिचे समर्थन मी करीत नाही. पण यातून एक गोष्ट दिसते. ताटात कमी पडले तर माणूस एक वेळ सोसतो. 'तुला काय सांगायचे?' ही वागणूक मात्र त्याला सोसत नाही.

भाची म्हणते, न्याय दोन जागी पाहावा. एक वाट्यात आणि दुसरा वाटण्याच्या रीतीत.

आधी वाट्याचे बोलू. स्टेसी ॲडम्स यांनी 1963 साली मांडले की, माणूस नुसते आपल्या हाती किती आले एवढेच पाहत नाही. आपण किती राबलो आणि आपल्याला काय मिळाले, याची तो शेजारच्याशी तुलना करतो. हे आपल्याला नवीन नाही. एकीने सकाळपासून चकल्या तळल्या, दुसरी दुपारी येऊन पिशव्या बांधून गेली आणि दोघींना सारखेच मिळाले, तर पहिलीच्या कपाळाला आठी पडणारच. मग सारखे वाटणे चूक काय? तसेही नाही. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे लिज्जतची एवढी मोठी संस्था उभी राहिली. तेथे लाटण्याची मजुरी जितके लाटाल तितकी, पण नफ्यात वाटा सगळ्यांचा, कारण लाटणारी प्रत्येक बहीण मालकीणच. कष्टाप्रमाणे काय मिळायचे आणि सारखे काय वाटायचे, हे आधी ठरलेले असले आणि सर्वांना माहीत असले म्हणजे कुरबुरीला जागा राहत नाही.

आता रीत. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर या दोघांनी 1975 साली न्यायनिवाड्यांवर पुस्तक लिहिले. आपली बाजू मांडायला मिळाली तर विरुद्ध गेलेला निकालही माणसाला अधिक न्याय्य वाटतो, असे त्यांना आढळले. 1980 साली जेराल्ड लेव्हेंथल यांनी चांगल्या रीतीच्या खुणा सांगितल्या. नियम सर्वांना आणि सर्वकाळ सारखा असावा. ठरवणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसावा. माहिती खरी असावी. चूक झाली तर दुरुस्त करायला वाव असावा. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे विचारात घ्यावे, आणि रीत नीतीला धरून असावी. आपण घरात काय करतो? दोन मुलांत एक लाडू वाटायचा तर एकाला तोडायला सांगतो आणि दुसऱ्याला आधी उचलायला. त्यात स्वार्थाला वाव नाही, म्हणून दोघेही हसत खातात. घरात जे सुचते ते मंडळात का सुचू नये?

तिसरी गोष्ट विश्वासाची. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तिघांनी 1995 साली लिहिले की, समोरच्या माणसात आपण तीन गुण पाहतो आणि मग विश्वास टाकतो. त्याला काम येते का? त्याला आपल्या हिताची कळकळ आहे का? तो सचोटीने वागतो का? खजिनदारबाईंचे उदाहरण घ्या. मनाने त्या कितीही चांगल्या असोत, जमाखर्च लिहिता येत नसेल तर पेटी त्यांच्याकडे देता येणार नाही. आणि हिशेबात पक्क्या पण शब्द पाळीत नाहीत, तर तेही नको. येथे मला एक स्पष्ट बोलायचे आहे. आपल्यात कोणी हिशेब विचारला की 'आमच्यावर विश्वास नाही का?' असा प्रश्न येतो. बायांनो, हिशेब विचारणे म्हणजे संशय नव्हे. वही उघडी असली म्हणजे विश्वासाला बळकटी येते आणि सांभाळणारीच्या नावालाही बट्टा लागत नाही.

शेवटी स्वभाव. कोणी मनमिळाऊ, कोणी नेटकी, कोणी बोलकी, कोणाला नव्याची हौस, तर कोणी लगेच मनाला लावून घेणारी. शास्त्रज्ञही मुख्यतः असेच पाच पैलू मानतात. नेटकेपणाने, जबाबदारीने वागणारा माणूस जवळपास कोणत्याही कामात उपयोगी पडतो, असे 1991 साली बॅरिक आणि माउंट यांनी अनेक पाहण्या एकत्र करून दाखवले. पण स्वभावाचे निमित्त करून अन्याय झाकता येत नाही. स्कारलिकी, फोल्गर आणि टेस्लुक यांची 1999 सालची पाहणी याच विषयावर आहे. वाटा कमी आणि वागणूकही वाईट, असे झाले म्हणजे चटकन दुखावणारी किंवा मुळात फारशी मनमिळाऊ नसलेली माणसे अधिक जोराने उलटतात. म्हणजे काडी कोरडी असेलही, पण ठिणगी पडल्यावाचून ती पेटत नाही. 'तिचा स्वभावच तापट' असे म्हणण्याआधी ठिणगी कोणी टाकली ते पाहावे. आणि ज्या शांत आहेत, त्यांचे गप्प राहणे म्हणजे होकार, असेही धरू नये. तापट बाईची तक्रार निदान कानावर तरी येते. शांत बाई उंबरठा ओलांडून जाते, आणि ती का गेली हे आपल्याला कळतही नाही.

हे सर्व ऐकून टाळ्या वाजवून घरी जायचे असेल, तर बोलण्यात अर्थ नाही. म्हणून मी तीन सूचना मांडते. पहिली, फराळाची मजुरी वाढो की कमी होवो, ऑर्डरी घेण्याआधी काम करणाऱ्या सर्वजणींची सभा घ्यावी आणि तेलाची, बेसनाची बिले सर्वांपुढे ठेवावीत. दुसरी, दर महिन्याचा जमाखर्च एका कागदावर लिहून फळ्यावर लावावा. तिसरी, तक्रार ऐकायला दोघीजणी नेमाव्यात आणि त्यांतली एक फराळ विभागाबाहेरची असावी.

आणि त्या चौघींकडे अध्यक्षीणबाईंनी व चिटणीसबाईंनी स्वतः जावे. मनधरणी करायला नव्हे. गेल्या वर्षीची वही घेऊन जावे, तिच्यातले आकडे दाखवावेत, आणि मग त्या काय बोलतील ते मध्ये न तोडता ऐकून घ्यावे. त्या परत येतील की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. पण न सांगता कपात केली हा बोल तरी मंडळावर राहू नये. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायला फार दिवस उरले नाहीत. तेव्हा हे याच महिन्यात व्हावे, अशी माझी विनंती आहे.