अर्धशिशी, मॅग्नेशियम आणि आपली भाकरी

(वाशिम जिल्ह्यातील शेतकरी महिलांपुढे दिलेले भाषण)



कपाशीवर लाल्या दिसला की आपण मॅग्नेशियम सल्फेट फवारतो. पानाच्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो, म्हणून ते कमी पडले की पान रंग सोडते. माणसाच्या नसा व स्नायूंनाही हेच मूलद्रव्य लागते. अर्धशिशीशी त्याचा संबंध आहे का, असे अनेक भगिनी विचारतात. मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, डॉक्टर नाही. म्हणून आहारापुरते सविस्तर आणि औषधाबाबत सावधगिरीचे तेवढे सांगतो.

अर्धशिशी कशी ओळखावी?

डोक्याची बहुधा एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही. दुखणे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकते. उपाशीपोटी काम, कमी पाणी, ऊन व अपुरी झोप यांमुळे ते उठते. निंदण आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत बाईच्या वाट्याला या चारही गोष्टी एकदम येतात.

मॅग्नेशियमने काय होते?

जर्मनीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ६०० मिलीग्रॅम मॅग्नेशियम १२ आठवडे दिले. शेवटच्या आठवड्यांत दुखण्याचे झटके सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ही घट १६ टक्के होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत मात्र फरक आढळला नाही. म्हणजे काहींना उपयोग होतो, सर्वांना नाही. आणि तो दिसायला दोन-तीन महिने लागतात. चालू दुखणे थांबवणारी ही गोळी नव्हे.

ताटातील मॅग्नेशियम

प्रौढ माणसाला रोज साधारण ३०० ते ४५० मिलीग्रॅम मॅग्नेशियम लागते. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे २००, वीस ग्रॅम तिळाच्या चटणीतून ६०-७० आणि मूठभर शेंगदाण्यांतून ५० च्या आसपास मिळते. पॉलिश केलेल्या दीडशे ग्रॅम तांदळात ते ४० सुद्धा भरत नाही. कोंड्यासह दळलेली कणीक चांगली, मैदा नको. जवस, हरभरा, सोयाबीन व हिरव्या पालेभाज्याही उपयोगी आहेत.

आपल्या भागात सोयाबीन वाढले आणि ज्वारी मागे पडली. सोयाबीन बाजारात जाते, ज्वारी घरात राहत असे. घरापुरती चार तासे ज्वारीची आणि बांधावर थोडे तीळ-जवस ठेवा. सकाळी न्याहारी केल्याशिवाय शेतात जाऊ नका आणि दुपारची शिदोरी वेळेवर सोडा. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्या बाईने कडक उपवास टाळावा.

हे लक्षात ठेवा

१. शेतीचे मॅग्नेशियम सल्फेट हे खत आहे. ते चुकूनही पोटात घेऊ नये.

२. मॅग्नेशियमची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. जास्त झाल्यास जुलाब होतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास ती धोक्याची ठरते. गरोदरपणात किंवा थायरॉईडची गोळी चालू असताना आधी सल्ला घ्यावा.

३. महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. किराणा दुकानातून रोज गोळी आणण्याची सवय मोडा.

४. फवारणीनंतर डोके दुखून मळमळ, घाम किंवा अंधारी आली तर ती अर्धशिशी समजू नका. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीसह तत्काळ दवाखाना गाठा.

५. अचानक असह्य डोकेदुखी, ताप येऊन मान आखडणे, हातपाय लुळे पडणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे सुरू होणे, यांत एक दिवसही घालवू नये.

डोके कोणत्या दिवशी दुखले, आदल्या दिवशी काय खाल्ले आणि झोप किती झाली, हे तीन महिने वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. माती परीक्षणाच्या अहवालाशिवाय आपण खत ठरवत नाही. तशीच ही वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि मगच गोळीचे ठरवा.