काटा नेमका कधी चढतो?

जुनी गाडी घेतलेल्या लोकांचा एक प्रश्न मला सारखा येतो. "दादा, गाडी हीट होते, काय बदलू?" आणि मी दर वेळी उलटा प्रश्न टाकतो. कधी हीट होते? सिग्नलला, हायवेला, की घाटात? हे कळल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. नाहीतर आधी थर्मोस्टॅट, मग रेडिएटर, मग वॉटर पंप असं एकेक बदलत जातं, आणि गाडी तरीही हीट होतेच.

आत काय चालतं ते पटकन सांगतो. वॉटर पंप इंजिनभर कूलंट फिरवतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप बंद असते, म्हणजे इंजिन लवकर तापावं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडते आणि गरम कूलंट पुढे रेडिएटरमध्ये जातं. तिथे हवा लागून ते थंड होतं. गाडी पळत असेल तर वारा फुकटचा, उभी असेल तर पंखा हवा.

आणि रेडिएटरचं झाकण म्हणजे थेट कुकर. आत दाब धरून ठेवतं. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १०० ला उकळत नाही, ११८ च्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की हा दाब गेला. सगळ्यात स्वस्त पार्ट हाच, म्हणून बघायचा पहिला. पण इंजिन गार असतानाच! गरम झाकण उघडून हात-तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता काट्याकडे या. ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो? पंख्यावर संशय घ्या. गाडी उभी ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरायलाच हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर, याच क्रमाने बघा, कारण खर्चही याच क्रमाने वाढतो. एसीला फिरतो पण इंजिन तापलं तरी आपणहून चालू होत नाही? मग सेन्सर किंवा त्याची वायर. हात मात्र लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो.

उलट, शहरात ठीक आणि हायवेला किंवा चढाला गरम? तिथे वारा भरपूर असतो, म्हणजे पंखा सहसा निर्दोष. कूलंटच पुरेसं फिरत नाहीये. मे महिन्यात खंबाटकी चढताना बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या बघता ना, त्यातल्या बऱ्याच जणांच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी गेलेलं असतं. गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. बाहेरून रेडिएटर चकाचक, आतून अर्धा बंद.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर, वरचा होज पाइप चटका देणारा आणि खालचा गारच? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. हे सोपं काम आहे.

कूलंट कमी होत असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. हिरवा किंवा गुलाबी डाग म्हणजे गळती. नितळ पाणी बहुतेक वेळा एसीचं असतं, घाबरू नका. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं आणि आत गोडसर वास आला तर हीटरची जाळी गळतेय. आणि कुठेच डाग नाही, तरी लेव्हल उतरते? मग कूलंट इंजिनच पितंय, असं धरून पुढची तपासणी करा.

यावरून आमच्या एका मित्राची गोष्ट. दोन वर्षं डिलिव्हरीचं काम करून त्याने पैसे साठवले होते. १४ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, १ लाख ४० हजार सांगितलेले. आम्ही पोचलो तर बॉनेट आधीच गरम. मी म्हटलं, "उद्या सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका." विकणाऱ्याचा चेहराच पडला.

सकाळी गार इंजिनवर झाकण उघडलं. कूलंट नव्हतंच, चहाच्या रंगाचं गंजलेलं पाणी होतं. चावी फिरवली तर इंजिन गार असतानाच पंखा सुरू, म्हणजे डायरेक्ट वायर जोडलेली. वीस मिनिटं फिरवून आणली तरी काटा तळालाच. मित्र खूश. "अरे, किती थंड राहते बघ ना!"

मला तिथेच शंका आली. निरोगी गाडीचा काटा मधे येऊन स्थिर राहतो. इतकी थंड म्हणजे थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला असणार. गाडी हीट होते म्हटल्यावर आपल्याकडे सर्रास चालणारा हा जुगाड. कोणीतरी मूळ आजार न शोधता त्यावर पांघरूण घातलं होतं.

दोन-तीन तास गाडी गार होऊ दिली. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, अडकलेली हवा निघते. इथे ते थांबेनात, रेस दिली की वाढायचे. परत गार करून झाकण लावून सुरू केली, तर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा टणक. पाणी अजून कोमट झालेलं नाही आणि दाब कुठून आला? सिलिंडरमधून. हेड गॅस्केट गेलेलं. ऑइल मात्र स्वच्छ होतं, हे लक्षात ठेवा. ऑइल दुधाळ दिसलं नाही म्हणजे गॅस्केट चांगलं, असं नसतं.

हेड खोलायचं बिल सहज पाच आकडी होतं, आणि अॅल्युमिनियमचं हेड वाकलं असेल तर वेगळंच. मित्राने गाडी सोडली. तीन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, तो भाग वेगळा.

चालत्या गाडीत काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. हीटर इंजिनची थोडी उष्णता आत ओढून घेतो. तरी उतरला नाही तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. आणि लाल झालेला काटा एकदम खाली पडला तर हुश्श करू नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच पडतो. लगेच थांबा, निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका.

तुमचा काटा कधी चढतो ते व्हॉइस नोटवर पाठवा, गाडीचं वय आणि किलोमीटरसकट. पुढच्या भागात क्लच.