हेमलकसाला गेलेला कॅमेरा

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातलं हेमलकसा मोठ्या पडद्यावर आणलं ते एका वकील बाईंनी. समृद्धी पोरे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होत्या. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिलाच चित्रपट 'मला आई व्हायचंय' २०११ मध्ये आला आणि मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यातली यशोदा विदर्भातली गरीब बाई. परदेशी जोडप्याचं मूल ती पोटात वाढवते. बाळात व्यंग असेल या भीतीने परदेशी आई पाठ फिरवते. पुढे अंगणात गोरंपान पोरगं वऱ्हाडीत बोलतं, यशोदेला आई म्हणतं आणि मग ती परदेशी आई त्याला न्यायला परत येते. मूल कोणाचं, हा कोर्टातला प्रश्न पोरे यांनी असा चुलीपाशी आणून ठेवला. याच कथेवरून २०२१ मध्ये हिंदीत 'मिमी' निघाला. पैसे घेऊन दुसऱ्याचं मूल पोटात वाढवण्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने केला तो त्याच वर्षी, डिसेंबरात.

दुसऱ्या चित्रपटासाठी त्यांनी जंगलाची वाट धरली. 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो' १० ऑक्टोबर २०१४ रोजी प्रदर्शित झाला. नाना पाटेकर प्रकाशभाऊ झाले, सोनाली कुलकर्णी त्यांच्या पत्नी मंदाताई. चित्रीकरण हेमलकसालाच झालं, हा निर्णय फार मोलाचा. पर्लकोटा नदीचं पाणी, सागाची सावली, इथल्या माडिया आदिवासींची चालण्याची लय स्टुडिओत कुठून आणणार?

चित्रपटामागची खरी हकिकत अशी. प्रकाशभाऊंचे वडील बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता, वीज नव्हती. पावसाळ्यात नद्या भरल्या की जगाशी संबंध तुटायचा. प्रकाशभाऊ डॉक्टर, मंदाताई भूलतज्ज्ञ. तरी दवाखान्यात कोणी फिरकेना, कारण भाषाच वेगळी. दोघांनी आधी माडिया शिकून घेतली, मग नाडी हातात आली. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया झाल्या. शिकारीत आई गमावलेलं माकडाचं पिल्लू घरी आलं, त्यातून अनाथ प्राण्यांचं गोकुळ उभं राहिलं. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चित्रपटात आमटे कुटुंब मध्यभागी आहे आणि माडिया माणसं बहुतेक कडेला. ही उणीव जाणवते. पण नक्षलवादाच्या बातमीपलीकडे ज्यांना हा मुलूख ठाऊक नव्हता, त्यांना पोरे यांनी इथला दवाखाना आणि शाळा दाखवली.

या जिल्ह्यात अभिनयाला तोटा नाही. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्र-रात्र रंगमंच गाजवतात. हेमलकसाच्या आश्रमशाळेत शिकलेली मुलं डॉक्टर, वकील होऊन परतली आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांनी आता त्यांच्या धाकट्या भावंडांच्या हाती कॅमेरा द्यावा. या जंगलाचा पुढचा चित्रपट माडिया भाषेत, माडिया मुलीने केलेला पाहायचा आहे.