विसारपावती आणि मधला माणूस
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषण कसले, व्यवहाराच्या चार गोष्टी सांगते. भाजी घेताना आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. पण जागेच्या कागदावर 'इथे सही करा' म्हटले की मुकाट्याने सही करतो.

दलाल उघडपणे दलाली घेतो. पण काही माणसे मालकाला थोडा विसार देऊन स्वतःच्या नावे विसारपावती करतात. तीत एक ओळ असते : 'आपण अगर आपण सांगाल त्या इसमाचे नावे खरेदीखत करून देईन.' मग ते जास्त पैसे देणारे गिऱ्हाईक शोधतात आणि मधली रक्कम त्यांची होते.

माझ्या जाऊबाईंचे असेच झाले. भावोजी गेल्यावर मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी प्लॉट 12 लाखांना ठरवला. विसार मिळाला 50 हजार. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत घेणाऱ्या बाई सहज बोलून गेल्या, "आम्हाला 15 लाखांना पडला." वर त्या गृहस्थाने दोघींकडे दलालीही मागितली! कागदात दलालीचा शब्दही नव्हता, म्हणून दोघींनी ती दिली नाही. पण मधले तीन लाख गेले ते गेलेच.

असा व्यवहार गुन्हाच असतो, असे माझे म्हणणे नाही. पण तो आपल्याला कळला पाहिजे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या कराराने मालकी जात नाही. ती खरेदीखताने जाते. तरी करारातला शब्द आपल्याला बांधतो. म्हणून सहीपूर्वी दोनतीन ठिकाणी भाव विचारावा, सरकारी दरही पाहावा. 'सांगाल त्या इसमाचे' ही ओळ नको असेल तर खोडायला सांगावी. मुदत लिहून घ्यावी.

खर्चाचेही तसेच. वेगळे ठरले नसेल तर मुद्रांक शुल्क घेणाऱ्याने भरायचे असते. नोंदणी फी व दलाली कोणी किती द्यायची, ते आधीच लिहावे. शुल्क सरकारात भरल्याची पावती मागावी. 'इतर खर्च' म्हणून कोणी आकडा सांगितला, तर 'कसला?' असे विचारावे. विकणाऱ्या बाईचे पैसे तिच्याच खात्यात यावेत. आणि राहते घर फक्त बाईच्या नावे घेतले, तर आपल्या राज्यात 2021 पासून मुद्रांक शुल्कात शेकडा 1 सवलत आहे, हेही विसरू नये.

विचारायला लाजू नका, भगिनींनो. कागद कळेपर्यंत पेन हातात घेऊ नका.