बोटीत कुत्र्याला जागा



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचतीचे पैसे गोळा झाले, वहीत मांडले, चुलीवर चहा ठेवला. तेवढ्यात एकीच्या लेकीनं मोबाईल पुढे केला. एक विदेशी नवरा-बायको शिडाच्या बोटीतून बेटाबेटांवर हिंडत होते. निळं पाणी, नारळाची झाडं, आणि बोटीच्या टोकावर ऐटीत बसलेलं त्यांचं कुत्रं! अंगात नारिंगी जाकीट. आम्ही पोट धरून हसलो. एक म्हणाली, "अवं माय, आपल्या पोराले रेनकोट नाई, अन् त्या कुत्र्याचा थाट पाहा!"

हसता हसता आमच्यातल्या एक आजी उठून बाहेर गेल्या. मग आम्ही सगळ्याच गप्प झालो. का, ते सांगायला आज तुमच्यापुढे आलो आहोत. आजींना विचारूनच सांगतो आहोत.

२०२३ चा जुलै महिना आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढा घातला आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. त्याच पावसात पैनगंगेकाठचं आमचं गावही बेट झालं. चारी बाजूंनी गढूळ पाणी आणि मध्ये आमची घरं. ते बेट पाहायला कोणी पैसे देऊन येणार नव्हतं!

बोट आली. आधी लेकरं गेली, मग गरोदर बाई, मग म्हातारी माणसं. आजींची पाळी आली तर त्या बसेनात. म्हणाल्या, "मोत्याले सोडून मी येत नाई." बोट लहान, माणसं जास्त. मोत्या घाबरून भुंकत होता. तो बोटीत उडी मारेल, बोट कलंडेल, ही भीती सगळ्यांनाच होती आणि ती खोटी नव्हती. अर्धा तास आम्ही आजींच्या विनवण्या केल्या. तो अर्धा तास बोट थांबून राहिली आणि पलीकडे छपरावर माणसं वाट पाहत होती.

शेवटी आम्ही एक शहाणपण केलं. मोत्या बोटीमागे पोहत येईल आणि धारेला लागेल, म्हणून त्याला ओसरीच्या खांबाला बांधलं. आजींना सांगितलं, "पाणी ओसरलं की लगेच येऊ." आजी बसल्या.

रात्री पाणी आणखी चढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा दोर तसाच होता आणि मोत्या दोरातच गेला होता. मोकळा असता तर गोठ्याच्या छपरावर चढला असता. गावातली बाकीची मोकळी कुत्री तशीच वाचली. दोर पाण्यानं बांधला नव्हता, आम्ही बांधला होता. आजी आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, असं आम्हाला आजही वाटतं.

म्हणून त्या दिवशी बैठकीत तो मोबाईल आम्ही परत लावला. या वेळी हसायला नाही, शिकायला. त्या बोटीवरच्या माणसांनी कुत्र्यासाठी काय काय केलं होतं, ते एकेक पाहिलं.

पहिली गोष्ट म्हणजे जाकीट. ते नुसतं तरंगायला नसतं. त्याच्या पाठीवर मूठ असते. कुत्रं पाण्यात पडलं तर वाकून एका हातानं उचलता येतं. जाकीट आपल्याला परवडत नाही, पण मूठ परवडते. जुन्या पिशवीचा पट्टा घेऊन कुत्र्याच्या छातीभोवती आणि पोटाभोवती बसेल असं शिवायचं, वर पाठीवर मूठ काढायची. गळ्यातल्या दोरानं उचललं तर गळफास बसतो, छातीच्या पट्ट्यानं बसत नाही.

दुसरी गोष्ट सवयीची. बोट काठाला बांधलेली असतानाच ती माणसं कुत्र्याला चढायला, उतरायला, एका जागी बसायला शिकवतात. समुद्रात गेल्यावर नाही. आपल्याकडे बोट नाही, पण बैलगाडी आहे, ऑटो आहे. त्यात कुत्र्याला धरून बसवायची सवय उन्हाळ्यातच लावता येते. सवय असती तर मोत्या भुंकला नसता, आणि कदाचित बसलाही असता.

तिसरी गोष्ट कागदाची. त्या बोटीवरच्या कुत्र्याला स्वतःचे कागद असतात. रेबीजची लस टोचल्याचा दाखला नसेल तर अनेक बेटांवर त्याला उतरू देत नाहीत. आपल्याच देशातल्या लक्षद्वीपमध्ये रेबीज नाही आणि तिथे कुत्रा न्यायला मनाईच आहे. हा रोग एवढा भयंकर आहे की लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. आता विचार करा, पुरात शाळेच्या दोन खोल्यांत सगळं गाव बसलेलं असतं. तिथे लेकरं आणि घाबरलेली कुत्री एकत्र आली तर चावा बसायला किती वेळ लागतो? लस टोचलेली असेल तरच त्या छावणीत आपण कुत्र्यासाठी जागा मागू शकतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस, मग दरवर्षी. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या निमित्तानं तुमच्या गटानं पशुवैद्यकीय दवाखान्यात अर्ज देऊन गावात शिबिर मागा. आणि कुत्रं चावलंच तर हळद-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

चौथी गोष्ट पाण्याची. चारी बाजूंनी समुद्र असला तरी बोटीवर कुत्र्याचं गोडं पाणी वेगळं ठेवलेलं असतं. पुराचंही तसंच. पाणी सगळीकडे आणि पिण्यासारखं थेंबभर नाही. त्या पाण्यात मेलेली जनावरं, उंदरांची घाण, लेप्टोसारखे रोग. म्हणून आपल्या पाण्याच्या डब्यासोबत जनावरांसाठीही एक डबा वरच्या जागी ठेवायचा.

पाचवी गोष्ट त्या मोबाईलमध्ये नव्हती, ती आमची आहे. जनावर सोबत नेता येत नसेल तर त्याला बांधून जाऊ नका. गोठ्याचं दार उघडा, दावं सोडा, शेळ्या टेकाडाकडे हाकला. कुत्र्याच्या गळ्यातला दोर काढा. मोकळ्या जनावराला उंचवट्याची वाट बहुतेक वेळा सापडते.

कोणी म्हणेल, माणसांचाच जीव जातो आहे आणि तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसलात? आम्हीही तसंच म्हणत होतो. माणूस आधी, यात वाद नाही. पण माणूस निघत का नाही, तेही पाहायला हवं. २०१८ च्या केरळच्या महापुरात त्रिशूरच्या एका बाईनं आपल्या पंचवीस कुत्र्यांना सोडून निघायला नकार दिला होता. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळ आलं, तेव्हा पाळीव जनावरांपायी कितीतरी माणसं घराबाहेर पडली नाहीत. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, की लोकांना हलवण्याच्या योजनेत पाळीव जनावरांचाही विचार झाला पाहिजे. जनावराची सोय आधी ठरलेली असेल तर माणूस लवकर निघतो. आणि आपल्याकडे मागे राहणारी बहुतेक वेळा बाई असते, कारण गोठा, शेळ्या, कोंबड्या तिच्याच भरवशावर असतात.

पैशांचंही सांगून ठेवतो. राज्य आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये मदत ठरलेली होती. त्यासाठी पंचनामा लागतो, म्हणून कानातला बारा आकडी बिल्ला मारून घ्या आणि त्याचा नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा. कुत्र्याला त्या यादीत जागा नाही. त्याची किंमत फक्त आपल्या घरात असते.

आता आमच्या गटाच्या वहीत एक पान वाढलं आहे. कोणाकडे किती जनावरं, कोणती कुत्री लस टोचलेली, पाणी आलं तर कोणाची दावी कोण सोडणार, हे सगळं त्यावर नावानिशी आहे. खाली दोन नंबर लिहिले आहेत : जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि पशुवैद्यकीय सेवेचा १९६२.

आजींनी पुन्हा कुत्रं पाळलं नाही. पण पाठीवर मूठ असलेला पहिला पट्टा त्यांनीच शिवला, शेजारणीच्या कुत्र्यासाठी. मूठ दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "हे पक्कं आहे."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्याही वहीत हे पान काढा. पाणी दारात आल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. आम्हाला मिळाला नव्हता.