संगणकविद्येचा युरोपीय गोतावळा

श्रोतेहो, आरंभी एक लहानसे गणित घालतो. शिक्षक बंधुभगिनींनी ते उद्या फळ्यावर घ्यायला हरकत नाही. अ, ब, क आणि ड अशा चार वाड्या आहेत. अ पासून ब २ किलोमीटर, ब पासून क ३, अ पासून क ४, क पासून ड २ आणि ब पासून ड ५ किलोमीटर. अ वाडीला पाण्याची टाकी आहे. नळाचे पाणी चारही वाड्यांना पोचले पाहिजे आणि नळ कमीत कमी लागला पाहिजे. कोणकोणत्या वाड्या जोडाल?

रीत सोपी आहे. टाकीपासून निघावे. जोडल्या गेलेल्या वाड्यांना सगळ्यांत जवळची अशी जी न जोडलेली वाडी असेल, ती पुढे जोडावी. म्हणजे आधी ब, मग क, मग ड. नळ लागेल ७ किलोमीटर. त्याहून कमी लागणार नाही. चार वाड्यांचे हे गणित चौथीतले पोरही तोंडी करील. पण चारशे गावे असली म्हणजे मात्र रीत पक्की माहीत असावी लागते, आणि ती बिनचूक आहे असे कोणीतरी सिद्ध करून दाखवलेले असावे लागते.

हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला तो मोराव्हिया नावाच्या प्रांतात. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात आहे. तेथे गावोगाव वीज न्यावयाची होती आणि तारा महाग होत्या. ओटाकर बोरूव्का या गणितज्ञाने १९२६ साली त्याचे उत्तर दिले. ते वाचून वोयतेख यार्निक या दुसऱ्या चेक गणितज्ञाने १९३० साली, मी आता सांगितली ती सोपी रीत छापली. दोघांनी लिहिले ते आपल्या चेक भाषेत. पुढे काय झाले पहा. १९५७ साली अमेरिकेत रॉबर्ट प्रिम यांनी यार्निकची रीत स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. १९५९ साली हॉलंडात एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी तीच रीत आणखी एकदा शोधली. तीस वर्षांत तीन बुद्धिमान माणसांनी एकच विहीर तीनदा खणली! यात दोष कोणाचाच नव्हता. चेक भाषेतला निबंध हॉलंडात वाचणार कोण? शेजाऱ्याने काय केले आहे हे कळण्याची सोय नव्हती, इतकेच.

ही सोय युरोपने कशी केली, ते आज सांगावयाचे आहे. संगणक म्हटला की आपले मन सरळ अमेरिकेला जाऊन पोचते, आणि ते स्वाभाविकही आहे. मोठ्या कंपन्या तिकडच्या, पैसाही तिकडचा. परंतु लहान लहान देशांनी आपापली भाषा सांभाळून एक विद्या मिळून कशी वाढवावी हे पाहावयाचे, तर युरोपकडेच पाहिले पाहिजे. १९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा हे देश एकमेकांची शहरे बेचिराख करून बसले होते. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १९५८ च्या मे महिन्यात, स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे युरोपचे चार आणि अमेरिकेचे चार असे आठ जण एका टेबलाभोवती बसले. काम होते संगणकासाठी एक सामाईक भाषा ठरवण्याचे.

अशी भाषा कशाला हवी? जुन्या काळी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. संगणकाचे तसेच होते. एका यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञा दुसऱ्या यंत्राला कळत नसत. म्युनिकच्या माणसाने महिनाभर खपून केलेले काम झुरिकच्या माणसाला निरुपयोगी. तेव्हा गणिताच्या लेखनाला जवळची, यंत्रापासून स्वतंत्र अशी एक भाषा करावयाची, असे ठरले. तिचे नाव पुढे अल्गोल पडले.

आता गंमत ऐका. या विद्वानांचे मोठे भांडण जुंपले ते कशावरून? दशांश चिन्हावरून! साडेतीन लिहिताना अमेरिकन माणूस ३ आणि ५ यांच्यामध्ये टिंब देतो, तर जर्मन माणूस स्वल्पविराम देतो. टिंब आपण कदापि वापरणार नाही, असे एकाने टेबलावर मूठ आपटून सांगितले. शेवटी तोड निघाली ती अशी: भाषेचे एक प्रमाणरूप सर्वांनी मान्य करावे, पुस्तकात छापताना ज्याने त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे छापावे, आणि यंत्राला देताना त्या यंत्राला जमेल तसे द्यावे. मला स्वतःला ही तोड त्या भाषेइतकीच मोलाची वाटते. एकत्र येण्यासाठी सर्वांनी एकसारखे लिहिलेच पाहिजे असे नाही, हे त्या आठ जणांनी टिंबाच्या निमित्ताने ठरवून टाकले.

१९६० च्या जानेवारीत पॅरिस येथे तेरा जण पुन्हा बसले. डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी त्या बैठकीचा अहवाल लिहिला. एवढासा अहवाल, पण भाषेचे सारे व्याकरण त्यात रेखीवपणे आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲम्स्टरडॅमला डाइक्स्ट्रा आणि झोनेव्हेल्ड या दोन तरुणांनी ती भाषा यंत्राला समजावून देण्याचे काम पुरे केले. डाइक्स्ट्रा तेव्हा तीस वर्षांचे होते. त्यानंतर एखादी नवी रीत सापडली की ती अल्गोलमध्ये लिहून मासिकात छापावयाची, असा प्रघात पडला. कोपनहेगनच्या माणसाने छापलेले झुरिकच्या माणसाला वाचता येऊ लागले. तीन विहिरी खणण्याची पाळी कमी झाली.

सारे गोडीगुलाबीने चालले, असे मात्र समजू नका. १९६८ च्या डिसेंबरात या भाषेची नवी आवृत्ती मंजुरीला आली, तेव्हा ती फार बोजड झाली आहे असे म्हणून डाइक्स्ट्रा आणि आणखी काही सभासदांनी आपली नापसंती लेखी नोंदवली. त्यांतील काहींनी पुढे त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेत निराळा गट काढला आणि काम चालू ठेवले. भाऊबंदकीत वाटणी झाली, पण बांध कोणी फोडला नाही.

याच्या उलट उदाहरण कंपन्यांचे आहे. १९७३ साली जर्मनीची सीमेन्स, हॉलंडची फिलिप्स आणि फ्रान्सची सी. आय. आय. या तीन कंपन्यांनी युनिडाटा नावाची आघाडी उभारली. अमेरिकेच्या आय. बी. एम. कंपनीला तोंड देता यावे, हा हेतू. १९७५ साली फ्रान्सने आपली कंपनी दुसऱ्या एका कंपनीशी जोडली, आणि आघाडी दोन वर्षांत मोडली. प्राध्यापकांचे मेळावे मात्र त्याच काळात वाढत होते. १९७२ साली सैद्धांतिक संगणकशास्त्राची युरोपीय संघटना स्थापन झाली आणि तिची पहिली परिषद पॅरिसला भरली. त्याच वर्षी पोलंडमध्ये या शास्त्राच्या गणिती पायाविषयी दुसरी परिषदमाला सुरू झाली. ती पुढे चेकोस्लोव्हाकियातही भरू लागली. युरोपच्या मधोमध तेव्हा राजकारणाची भिंत होती. पूर्वेकडच्या प्राध्यापकाला पश्चिमेकडे जाण्याची परवानगी सुखासुखी मिळत नसे. अशा वेळी पश्चिमेकडचे लोकच पूर्वेकडे येत आणि चार दिवस प्रमेयांवर बोलत.

पैशावाचून हे सारे झाले असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९८४ साली युरोपीय समुदायाने एस्प्रि नावाची मोठी संशोधन योजना काढली. निरनिराळ्या देशांतील कंपन्या एकत्र आल्या तरच मदत मिळावयाची, ही तिची मेख होती. अमेरिकेच्या तोडीच्या संगणक कंपन्या तीतून उभ्या राहिल्या नाहीत, हे खरे. परंतु एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशाच्या माणसाबरोबर काम करण्याची सवय लागली, आणि माझ्या मते तो पैसा तेवढ्यासाठी वसूल झाला.

या गोतावळ्याचे घर पाहावयाचे असेल तर ते जर्मनीच्या सारलँड प्रांतात आहे. फ्रान्सच्या सीमेवरचा हा मुलूख महायुद्धानंतर फ्रान्सच्या ताब्यात होता. १९५७ साली तो जर्मनीत आला. तेथे डागश्टूल नावाच्या खेड्यात १७६० साली बांधलेला एक वाडा आहे. १९९० पासून या वाड्यात संगणकशास्त्राच्या आठवडा-आठवडाभराच्या बैठका भरतात. तीस-चाळीस माणसे बोलावतात. राहणे तेथेच, जेवणे तेथेच, ग्रंथालय रात्रीही उघडे. जेवणाची रीत तर ऐकण्यासारखी आहे. प्रत्येकाच्या हातरुमालावर त्याचे नाव असते, आणि ते रुमाल टेबलावर कसेही मांडून ठेवतात. ज्याचा रुमाल जेथे, त्याने तेथे बसावयाचे. त्यामुळे नामांकित प्राध्यापकाच्या शेजारी काल आलेला विद्यार्थी येतो, आणि इटालियन माणसाला फक्त इटालियन माणसांत बसता येत नाही. आपल्या पंगतीत मानाची पाने ठरलेली असतात. तेथे ती दररोज मोडतात.

विद्यार्थ्यांसाठी निराळी वाट होती. १९८७ साली इरॅस्मस योजना निघाली. पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात काही काळ शिकून आले. मग प्रश्न आला की, पोर्तुगालच्या मुलाने हॉलंडात केलेला अभ्यास घरी परतल्यावर धरावयाचा की नाही? एका विद्यापीठातून दुसऱ्यात नाव घालताना काय यातायात होते, ते आपल्या प्राध्यापकांना सांगायला नको. तेव्हा श्रेयांकांची पद्धत काढली. वर्षभराच्या पुऱ्या अभ्यासाला ६० श्रेयांक, मग तो कोठेही केलेला असो. १९९९ साली बोलोन्या येथे २९ देशांनी पदव्यांची रचनाही एकमेकींशी जुळती करावयाचे ठरवले. आपल्याकडे आता श्रेयांकांची भाषा आली आहे. तिचे मूळ कळावे म्हणून हे सांगितले.

विद्यापीठांतील विभागप्रमुख एकत्र आले ते मात्र उशिराने, २००५ साली, आणि तेही झुरिकलाच. पुढच्याच वर्षी इन्फर्मॅटिक्स युरोप ही संस्था उभी राहिली. दुखणे असे होते की, या शास्त्रात नवे शोध बहुधा परिषदांतून प्रसिद्ध होतात. पण बढती देणारे लोक पदार्थविज्ञानाच्या मापाने नियतकालिकांतले निबंध मोजीत. चांगला माणूस मागे पडे. एकटा विभाग तक्रार करून करून दमतो. अनेक देशांचे विभाग एका आवाजात बोलले की ऐकावे लागते. या संस्थेने २००८ साली संशोधन कसे मोजावे यावर अहवाल काढला. २०१३ साली शाळांविषयी दुसरा काढला, आणि तो आपल्या शिक्षकांच्या कामाचा आहे. त्यातले मुख्य म्हणणे एवढेच, की यंत्र वापरता येणे ही एक गोष्ट, आणि यंत्राकडून काम करून घेणारा विचार समजणे ही दुसरी. बोटाने पडदा सरकवणाऱ्या मुलाला पहिली येते. दुसरी शिकवावी लागते.

आणि ती शिकवायला यंत्र लागतेच असेही नाही. लिथुएनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. तेथील प्राध्यापिका वालेंतिना दागिएने यांनी २००४ साली शाळकरी मुलांसाठी 'बेब्रास' नावाची स्पर्धा सुरू केली. बेब्रास म्हणजे बीव्हर, नदीला बांध घालणारा उद्योगी प्राणी. प्रश्न छोटे, चित्रांचे. संगणकाची भाषा येत नसली तरी सोडवता येतात. मघाचे चार वाड्यांचे गणित त्याच धर्तीचे आहे. ही स्पर्धा युरोपभर पसरली, तेथून बाहेर गेली आणि आता भारतातही होते.

या गोतावळ्यालाही गळती लागते. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडले आणि इरॅस्मसमधूनही गेले. संशोधनाच्या सामाईक योजनेत परत येण्यास त्याला २०२४ उजाडले. परिषदांमध्ये इंग्रजीचेच राज्य आहे, याची खंत तेथेही आहेच. पण फ्रेंचांनी या विद्येला आपले 'ॲन्फॉर्मातीक' हे नाव ठेवले, जर्मनांनी 'इन्फॉर्मातिक', आणि प्राथमिक शाळेत मुलाला शिकवावयाचे ते त्याच्याच भाषेत, हे कोणी सोडलेले नाही.

बेब्रासचे प्रश्न तयार करायला निरनिराळ्या देशांची मंडळी दरवर्षी एकत्र बसतात. एकाने प्रश्न मांडावा, दुसऱ्यांनी त्यात खोट काढावी, शब्द घासूनपुसून घ्यावेत. मग त्या साठ्यातून प्रत्येक देश आपल्याला हवे ते प्रश्न उचलतो आणि आपल्या भाषेत उतरवून मुलांपुढे ठेवतो. यार्निकची रीत १९३० साली चेक भाषेत अडकून पडली होती. आज त्याच जातीचे कोडे एका लिथुएनियन मुलापुढे आणि एका चेक मुलीपुढे एकाच आठवड्यात येऊ शकते, ज्याच्या त्याच्या बोलीत.